हलतो तो माझा

सोहारच्या या कंटेनरला खिडकी नाही.
दार ओढलं की मी, दिव्याची पेटी,
आणि पाइपांच्या जोडांच्या ओल्या वासाच्या फिल्म्स.
एकेक धरायची उजेडावर
आणि हुडकायचं दुसऱ्याच्या हाताचं चुकलेलं :
अडकलेला बुडबुडा, मळीचा धागा,
केसाएवढी चीर.
बावीस वर्षं हेच. डोळ्यात तेल घालून.

जूनमधल्या एका सोमवारी
अठ्ठेचाळीस नंबरच्या जोडावर ठिपका दिसला.
मध्ये काळा, कडेला फिकट,
भिजलेल्या सब्जाच्या बीसारखा.
लाल पेन्सिलीने गोल केला.
'दुरुस्ती' लिहून खाली सही.

सिवानच्या रामाशीषने तो जोड खरवडला
साडेबाराचा भोंगा होईपर्यंत,
आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा.
संध्याकाळी दारात उभा राहिला,
हेल्मेट काखेत, भुवयांवर लोखंडाची पूड :
"साहब, अंदर तो कुछ निकला नहीं."

त्या दिवशी किनाऱ्यावर गेलो.
आभाळ ताकासारखं पांढरं, आणि त्यात
तोच ठिपका. माझ्यासोबत आलेला.
डावीकडे पाहिलं, तोही गेला,
पण रेंगाळत, हाक मारल्यावर येणाऱ्या पोरासारखा.
मी थांबलो तरी तो तरंगतच होता.
चिलट समजून हात मारला
तर जाळी आवरणाऱ्या म्हाताऱ्याने
सलाम समजून हात वर केला.
मग मलाही करावा लागला.

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढायचा पगार घेतो मी.

डॉक्टर शाहिना बलुशींनी थेंब घातले.
बाहुल्या विहिरीएवढ्या झाल्या.
वर बघा, खाली, नाकाकडे, कानाकडे.
"पडदा शाबूत आहे.
आतली जेली वयानं आक्रसते,
तिच्या सुरकुतीची सावली पडतेय."
जाईल का?
"तो राहील. तुम्ही विसराल."
मग खुर्ची जवळ ओढून :
"पण वीज चमकली, ठिपक्यांची झुंबड उडाली,
किंवा कडेनं काळोख सरकत आला,
तर त्याच रात्री या.
सकाळ होऊ देऊ नका.
आणि साखर कधी तपासली होती?"
मी उत्तर द्यायच्या आधीच तिने कागदावर लिहून टाकलं.

बाहेर ऊन नव्हतं, नुसता पांढरा ओरडा.
फोनवरचं नाव वाचता येईना,
आवाजावरून ओळखलं, संगमेश्वरहून ही.
"कुणी सांगितलं म्हणून मधबिध घालत बसू नका,"
म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.
वर्षअखेरीला कंपनीची डोळ्यांची परीक्षा असते,
बारीक अक्षरं, हातभर अंतरावरून.
ते दोघांनाही आठवत होतं.

आता प्रत्येक फिल्मपुढे मान थोडी हलवतो.
हलतो तो माझा.
थांबतो तो पाइपचा.
वेळ जरा जास्त लागतो.
एल्दोस चेष्टा करतो, साहेबांना पुंगी ऐकू येते.

रामाशीषला खरं सांगितलं. कठीण गेलं.
तो रागावला नाही. हातमोजे झटकत म्हणाला,
त्याच्या डोळ्यात रात्री वाळू भरते,
कितीतरी वर्षं. बटाट्याच्या चकत्या ठेवतो.
दाखवलंस कुणाला?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मोत्यांचा भाव विचारला.

शुक्रवारी त्याला घेऊन गेलो.
भिंतीवर तोंड फिरवलेले 'ई', वर, खाली, आडवे.
एका तळव्याने डोळा झाकून
दुसऱ्या हाताच्या भाजलेल्या तीन बोटांनी
तो दिशा दाखवत होता,
शाळेत पहिल्यांदा उभं केल्यासारखा ताठ.
चौथ्या ओळीशी बोटं घुटमळली.

माझा ठिपका त्या पाटीवरून सावकाश उतरत गेला.
मी मान हलवली नाही.