उत्तर उशिरा येतं

अर्जावर तीन ओळींची जागा होती :
हे क्षेत्र का निवडलंत?
मी लिहिलं, 'लहानपणापासून आवड.'
तीन ओळींत निबाल्दो मावला नसता.

चिलोए बेटावर आमच्या घरांचे पाय पाण्यात.
भरतीला फरशीखाली लाट डुचमळायची,
ओहोटीला चिखल, खेकडे, कुणाचा तरी एकच बूट.
त्याचं घर आमच्याला चिकटून.
मधल्या फळीची गाठ निखळून भोक पडलेलं,
त्यातून आमची देवघेव चाले :
उकडलेला बटाटा, दोरा, मेलेला नाकतोडा.
एकदा मी शिवी दिली,
त्यानं बटण दिलं.

तो बोलत नसे.
म्हणून त्याच्या वाटचंही मीच बोलायचे.
'त्याला भूक नाहीये.' 'त्याला थंडी वाजतेय.'
'तो हो म्हणतोय.'
हे तुला कुणी सांगितलं,
असं कुणी विचारलं नाही.
उलट म्हणायचे, ओतिलिया गुणाची पोर हो,
आणि ते मी चाटूनपुसून घ्यायचे.

शाळेत त्याचा पहिला दिवस, थंडीतला सोमवार.
बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं :
निबाल्दो, होड्या किती?
त्यानं पाहिलं.
पाहतच राहिला.
शेगडीत लाकूड फुटलं.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं
आणि मी उभी राहून म्हणाले,
'बाई, त्याला नाही येत.'

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
शुक्रवारी त्याचं दप्तर घरी गेलं, ते कायमचं.
घरी आलेल्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं :
त्याला नाही येत.
माझंच. शब्दन् शब्द.

पण त्या सोमवारी, दिवे लागायच्या वेळी,
फळीवर टकटक झाली.
भोकातून एक शिंपला आला.
मग दुसरा.
मी ओंजळ धरली, ओंजळ भरली, मग फ्रॉकचा घोळ धरला.
अकरा.
बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक, नखाएवढा.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून मोजल्या.
अकरा होड्या,
आणि शेवटच्या होडीमागे बांधलेली
एक चिमुकली डोंगी,
जी तोवर मला दिसलीच नव्हती.
बाईंनाही नसावी.

मी बाईंना सांगितलं नाही.
आठ वर्षांची होते.
ही सबब मला अजून पुरलेली नाही.

पुढे वाल्दिव्हियात, कॉलेजात,
सर सांगत होते : प्रश्न विचारलात की थांबा,
मनात दहा अंक मोजा.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी पेन खाली ठेवलं.
दहा?
माझ्या ओळखीचं एक उत्तर
सकाळी साडेनऊला निघून
संध्याकाळी साडेपाचला पोचलं होतं.

आता माझ्या वर्गात सात मुलं आहेत.
यास्नाला मी रंग विचारते,
ती छताकडे बघते.
मदतनीस बाई तोंड उघडते, भल्यासाठीच,
मी तिच्या हातावर हात ठेवते.
कधी उत्तर येतं. कधी आधी घंटा होते.
दारामागे एक खोका टांगलाय,
ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा त्यानं टाकावं.
परवा गुरुवारी त्यात
मंगळवारचा रंग सापडला :
बाटलीचं निळं झाकण.
मी नाचले नाही. वहीत तारीख घातली,
मंगळवारची.

निबाल्दो धक्क्यावर शिंपल्यांच्या दोऱ्या निवडतो.
कानांवरचे केस पांढरे झालेत.
मार्चमध्ये गेले होते, तेव्हा विचारलं,
त्या सोमवारचा राग आहे का रे?
तो दोरी निवडत राहिला.
माझी बोट सुटायची वेळ झाली.

आता ऑगस्ट चाललाय.
पुन्हा विचारणार नाही.
घरी टपाल आलं की मात्र
पाकीट आधी हलवून बघते,
आत काही वाजतंय का.