मोजणी

जावेची पाठ धरली होती बाळंतपणात,
म्हणून स्वानंदला अंघोळ मी घालायचे.
शिवडीच्या खोलीतली अरुंद मोरी,
लांब केलेल्या पायांवर तो पालथा, मग उताणा.
डाळीच्या पिठाचा हात जांघेत गेला
नि थांबला.
डावीकडे वाटाण्याएवढी गोटी.
उजवीकडे नुसती सुरकुती,
भाडेकरू न आलेल्या खोलीसारखी.

जाऊ म्हणाली, असेल लपलेली.
सासूबाई म्हणाल्या, उतरतं गं आपोआप,
ह्याच्या काकाचंही—
आणि तांदूळ निवडायला बसल्या,
आधीच निवडलेले.

ह्याचा काका म्हणजे माझा नवरा.
भाऊच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात
लोकांची सुरमई, लोकांचे बांगडे गार ठेवतो.
लग्नाला चौदा वर्षं.
मला वाटायचं, पुरुष असेच असतात.
दुसरा कुणी पाहिला होता मी?
लहानपणी भावांना न्हाऊ घातलं, त्यांना होत्या.
वाटलं, दुधाच्या दातांसारखं असेल काही,
मोठेपणी राहत नसतील.

चौदा वर्षांत फोटो माझ्याच पोटाचे निघाले.
औषध माझ्याच नळ्यांत सोडलं.
सोमवार माझे, नारळ माझे,
ओटीच्या वेळी मला टाळून पुढे सरकणारा करंडा
तोही माझाच.
ह्यांना कुणी लेंगा सैल करायला सांगितलं नाही.

परळच्या मुलांच्या इस्पितळात
कोठारेबाईंनी आधी तळहात चोळून ऊन केले,
मग पोराला हात लावला.
थंडीने वर पळतात आणि परत येतात, ते वेगळं, म्हणाल्या.
ही खाली आलेलीच नाही. वाटेत अडकलीय.
सहा महिन्यांचा होईपर्यंत वाट बघू.
त्यानंतर बघायची नाही.
वर्षाच्या आसपास खाली आणून टाक्याने बसवू.
पोटातली ऊब तिला सोसत नाही,
बी धरायला दोन-तीन डिग्री गारवा लागतो.
आणि पुढे कधी गाठ झालीच,
तर खाली असली की हाताला लागते.

हे दाराशी उभे, पायात कामावरचे गमबूट.
म्हणजे बर्फ उशिरा पोचला की माल गेला, म्हणाले.
साधारण तसंच, बाई म्हणाल्या.
मग ह्यांनी भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बघत विचारलं,
आणि बेचाळिसाव्या वर्षी?
दोन्ही?

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
मुलाबाळाचं तपासल्याशिवाय नाही सांगता येणार.
पण गाठीसाठी तरी दाखवून घ्या, ह्याच आठवड्यात.
चिठ्ठी लिहून देते. पुन्हा टोपण काढलं.

परतताना ह्यांनी मला उसाचा रस पाजला.
बर्फ नको, म्हणाले रसवाल्याला.
एवढंच बोलले वडाळ्यापर्यंत.
रात्री सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले,
आई, तुला माहीत होतं, एवढं म्हणाले,
आणि त्या म्हणाल्या, तुझे वडील लाजले रे.
मी कुशीवर वळले.
मला रडू आलं नाही. भूक लागली होती.

अकराव्या महिन्यात झालं ऑपरेशन.
जांघेच्या वर दोन बोटांची चीर,
संध्याकाळी पोर घरी, रात्री दूधभात,
तिसऱ्या दिवशी काकाच्या गमबुटात दोन्ही हात घालून बसलेला.
ह्यांची चिठ्ठीही गेली तिच्या वाटेने;
त्याबद्दल ह्यांना विचारा.

आता चाळीत बारसं असलं की मी झबलं नेते,
घुगऱ्या घेते ओंजळभर.
आत्या बाळाच्या कानात नाव सांगते,
मी त्याच्या आईच्या कानाशी जाते:
दोन्ही आहेत ना गं? मोजलंस?
बायका हसतात. हसोत.
परवा म्हात्र्यांची सून मात्र हसली नाही,
भरल्या मांडीने उठली, आत गेली,
लंगोट सोडून बघितला असावा तिने,
आणि पडद्याआडून मला
दोन बोटं वर करून दाखवली.