पाव फेरा

वरचा जबडा खालच्याच्या आत बसतो,
झाकण डब्यात पडावं तसा.
म्हणून चावताना इल्ताची हनुवटी डावीकडे सरकते.
आम्हाला वाटायचं लकब आहे,
माझ्या आईकडून आलेली.

डॉक्टर मार्युक्का म्हणाल्या, लकब नाही.
टाळूचं हाड अजून दोन फाळ्यांत आहे,
मधली शिवण कच्ची, आठव्या वर्षी असते तशी.
आत्ता किल्लीने होईल.
विशीत करवत लागेल.

मग टाळूला एक स्क्रू बसला
आणि मला मिळाली किल्ली, टाचणीहून जराशी जाड,
घशात जाऊ नये म्हणून दोरा बांधलेली.
रोज एक पाव फेरा.
पुढच्या भोकात घालायची, घशाकडे ढकलायची,
नवं भोक दिसेपर्यंत.

मी ओउलूत बर्फ हटवण्याचा ट्रक चालवतो.
माझ्या हातांना चौदा टनांची सवय.
पहिल्या रात्री तिला स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं केलं,
माझ्या कपाळावर कामावरची बॅटरी,
आणि ती म्हणाली,
नाकाच्या वर, इथे, कुणीतरी खुर्ची सरकवतंय.

त्या आठवड्यात तिचा 'स' गेला.
आमच्यात बापाला ईसा म्हणतात, आईला आइती.
आई शाबूत राहिली.
माझा ईथा झाला, थुंकीसकट.

किल्ली इल्ताबरोबर फिरते,
बुधवारपर्यंत माझ्याकडे, पुढे हेल्वीकडे,
मोज्यांच्या पिशवीत, आगपेटीत.
आणि सोबत तक्ता.
हेल्वीची खूण बारीक, बरोबर चौकटीत.
माझी फुली शेजारच्या दिवसावर सांडते.
वकिलाकडे सह्या केल्या, त्यानंतर
दोघांचं अक्षर असलेला हा एकच कागद.

एका गुरुवारी आगपेटी माझ्याच जाकिटात राहिली.
वादळ होतं. उणे एकोणीस.
एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही
हे मार्युक्कांनी दोनदा सांगितलं होतं.
मला माहीत होतं.
तरी मी पातं खाली टाकलं
आणि यादीत सर्वांत शेवटी असलेली गल्ली
सर्वांत आधी साफ केली.

हेल्वीने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही,
पायरीवरचा दिवा तेवढा लावला.
इल्ता पायजम्यात, मान मागे, आ वासून.
मी हातमोजा दातांनी ओढून काढला.
किल्ली इतकी गार, की आधी मुठीत धरून फुंकत बसलो.
तिघांचेही श्वास दिसत होते.
पाव फेरा.

तेवढ्यात बसच्या रस्त्यावर कुणीतरी रुतलं.
सकाळी माझ्या नावाने तक्रार आली. रास्त होती.

पंधराव्या फुलीच्या सुमारास
समोरच्या दोन दातांत फट पडली,
नाणं उभं राहील एवढी.
हेल्वीचा फोन, आवाज घाबरलेला.
मी म्हटलं, अगं, हीच तर हवी होती.
हाड सुटतंय, तुटत नाहीये.
बोलून गेलो,
आणि मग दोघंही जरा गप्प राहिलो.

आता फिरवणं बंद. सहा महिने नुसतं थांबायचं,
मधल्या जागेत हाड भरतं म्हणे.
फट आपोआप मिटत चाललीये.
काल शाळेच्या फाटकातून हाक आली,
स्वच्छ, दाताला दात लावून:
ईसा.

मी पटकन वळलोच नाही.
वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला.