उरलेले अठ्ठावीस

अंबडच्या शेडमध्ये जेवण लांबलेले,
कोटेशनवर माझ्या डब्याचा तेलकट गोल.
मी वाचते : पेटीत कोअर छत्तीस,
परवाना आठचा.
आणि उरलेले?
"आहेत ना मॅडम, आतच आहेत. झोपलेत.
पैसे भरले की उठतात."

एकदा उठवला
की परत निजवता येत नाही,
हे मात्र पान अकरावर, बारीक टायपात.

मेमरी वाढत नाही. डिस्कला जागा दोनच.
फेब्रुवारीत द्राक्षं निघाली
की खोक्यांचे बारकोड येतात मिनिटाला नऊशे;
जूनमध्ये यंत्र नुसती गरम हवा सोडेल,
परवान्याचे पैसे बाराही महिने.

गंगापूर धरण काठोकाठ दिसलं
म्हणून पाणी आपलं होत नाही,
आवर्तनाचा कागद लागतो.
डाव्या कालव्यावर वाढलेय मी,
हे मला कुंदन पगारियाने
समजावायला नको होतं.

तरी विचारते,
"झोपलेल्यांना वीज लागते का हो?"
तो पहिल्यांदाच
कॅल्क्युलेटर खाली ठेवतो.
"लागते, मॅडम. थोडी."

समासात पेन्सिलीने लिहिते : थोडी.
मग डबा उघडते.
त्याच्यापुढे अर्धी पोळी सरकवते.
सही उद्या बघू.