आठ गुणिले बेचाळीस

कॅम्पातल्या दुकानात मेनेझिसबाईंनी
कपाटातून चार दुर्बिणी काढून
हिरव्या फडक्यावर मांडल्या,
तेव्हा भरमूकाकानं सगळ्यांत मोठीलाच हात घातला.
बारापट. साठाचं भिंग.
जू उचलावं तशी उचलली
आणि दारातून समोर रोखली.

"काय दिसतंय गा?"
"चर्चची घंटा."
थोड्या वेळानं, "हलाय लागलीय."
घंटा हलत नव्हती.

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बारापट जवळ आणलं
की हातातला कापही बारापट होतो,
श्वाससुद्धा.
तिवई लावून बसणार असाल तर न्या.

काका बसून नेम धरणारा माणूस नव्हे.
ठासणीच्या बंदुकीला दारू किती आणि छर्रा किती
हे तळहातावर मोजणारा.
शिकार बंद झाली त्याला जेवढी वर्षं झाली
तेवढं माझं वयही नाही.

"बघायचंय काय?" बाईंनी विचारलं.
"डुक्कर." काकानं आधी माझ्याकडं बघितलं.
"रताळ्यात येतंय. उठवायला. मारायला नव्हे."
बाईंनी त्याबद्दल काही विचारलं नाही.
फक्त वेळ विचारली.

"कडूसं पडताना," काका म्हणाला.

मग एका जुन्या बिलाच्या पाठीवर
त्यांनी भागाकार मांडला.
पन्नासाला सातानं भागलं की सात आणि वर थोडं.
बेचाळीसाला आठानं, सव्वापाच.
एवढ्या मिलिमीटर जाडीचा उजेड
डोळ्यापाशी येऊन थांबतो.
सातवाली अंधारात चांगली, पण तरण्यांना.
सत्तरीनंतर बाहुली पाचाच्या फारशी वर उघडत नाही,
उरलेला उजेड बाहेर सांडतो.

काका त्या भागाकाराकडं बघत राहिला,
अक्षर येत नसलेला माणूस बघतो तसा, नीट.
"म्हणजे माझंच दार बारकं झालंय म्हणा की."
"सगळ्यांचंच होतं हो," बाई म्हणाल्या
आणि रबराच्या वाट्या दुमडून दिल्या,
चष्मा काढायचा नाही म्हणून.

पाऊण किलो. गळ्यात घालून
तो फुटपाथवर उभा राहिला,
तारेवरचा कावळा, रिक्षा, दोन भाषांची पाटी,
पुन्हा कावळा.
"साकु," म्हणाला.
आमच्याकडं पुरे झालं की मराठी माणूसही
कधी कधी कानडीतच थांबतो.

जांबोटीच्या गाडीत खोकं मांडीवर.
वाटेत त्यानं खिशातली पावती काढली,
प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेली:
बंदूक एक, खानापूर ठाण्यात जमा, निवडणुकीसाठी.
निवडणूक होऊन तीन महिने झाले.
पावती त्यानं दुर्बिणीच्या पिशवीत ठेवली,
भिंग पुसायच्या फडक्याखाली.

संध्याकाळी बांधावर बसलो.
माझ्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी.
उजेड आधी रताळ्याच्या पानांतून गेला,
मग वाटेतून.
मला रान काळं दिसत होतं, एकसलग.
काकाच्या काचेत ते अजून फुटलेलं होतं,
खोडं वेगळी, खोडांमधली मोकळीक वेगळी.

"आली."
पुढं मादी, म्हणाला. मागं पट्ट्यांची पिल्लं,
तीन. चार. थांब, पाचवं मागं राहिलंय.
बारापटीत नुसता एक कान दिसला असता.

मी काठी उचलली.
त्यानं डोळ्याची दुर्बीण न काढता
एक बोट वर केलं.

तीन गावांत त्याच्यासारखा हाकारा कुणाचा नव्हता म्हणतात.
मुसकाट्यानं माती उलटण्याचा आवाज
माझ्यापर्यंत यायला लागला,
पहिली सरी गेली असावी, दुसरीही थोडी.
बोट तसंच वर.
हात कापत होता, पण आठपटच.

"ते पाचवं येऊ दे," म्हणाला,
"मग वाजव."