तीन रात्री, आणि एक वरची

पहिल्या रात्री श्वासच पुरेना.
जिन्याच्या सातव्या पायरीवर बॅगेसकट बसले,
तर खालून कासिमिरा लिमाचीचा आवाज,
"कितव्यावर?"
सातव्या, म्हटलं.
"बरी आहेस. मागचा जर्मन पाचव्यावर रडला होता."

सुक्रे पांढरं आहे, दर वर्षी नव्यानं पांढरं.
कासिमिराचा मेव्हणा शिडीवरून चुना मारतो,
खाली झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर शिंतोडे.
कुत्रा उठत नाही.
त्यालाही ठाऊक असावं,
या गावात सगळ्यांचाच नंबर लागतो.

मंडईत बोट दाखवून म्हटलं, एक किलो.
"कुठला?"
बटाटा.
ती हसली. शेजारणीला सांगितलं, तीही हसली.
समोर जांभळे, काळे, बोटाएवढे,
डोळ्यांचे, बिनडोळ्यांचे,
एक तर सोलताना सुनेला रडवणारा, त्याचं नावच तसं.
आणि माझ्याकडे एकच शब्द,
तोही पोर्तुगीज गलबतातून उतरलेला.

तिसऱ्या दिवशी ट्रकच्या हौद्यात, मेंढ्यांच्या शेजारी,
वर, आणखी वर,
जिथं झाडं संपतात आणि गवत पिवळं होऊन चिवट राहतं.
फर्मिनाच्या अंगणाबाहेर
रात्रभर दहिवरात पसरलेले बटाटे,
दगडासारखे गोठलेले, उन्हानं जरा सैल पडलेले.
तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं.
"काढ. तुझं वजन कामाला येईल."

मग आम्ही तुडवत होतो,
ती, तिची सासू, दोन पोरं आणि मी,
साल बोटांत अडकतंय,
थंड पाणी टाचेखालून निसटतंय,
गुडघ्यापर्यंत एक बधिर कळ.
मी सांगितलं, आमच्याकडे हा उपासाला चालतो.
फर्मिना थांबली.
"उपास म्हणजे?"
न खाणं. देवासाठी.
"आणि त्या दिवशी काय खाता?"
बटाटा.
तिनं सासूला केचुआत समजावलं. म्हातारी बराच वेळ गप्प,
मग तोंडातला कोकाचा बोकाणा एका गालातून
दुसऱ्या गालात सरकवून काहीतरी बोलली.
"ती विचारते, मग उपाशी कधी असता?"
याचं उत्तर मला आजवर कुणी मागितलं नव्हतं.

परतताना रस्त्यावर दगड,
एक जळून गेलेला टायर, आडवी टाकलेली बाभूळ
आणि ब्लँकेटं पांघरून बसलेलं अख्खं गाव.
शाळेत एप्रिलपासून मास्तर नाही.
"कधी उघडेल रस्ता?"
"उद्या," साटुर्निनो म्हणाला, "नाहीतर मास्तर येईल तेव्हा.
बसा."

बसले.
त्याच्याकडे शंभरपानी वही, घराघराची हजेरी,
न येणाऱ्याला दंड.
"नाव?"
वृंदा.
त्यानं जिभेवर फिरवून पाहिलं. व काही जमेना,
लिहिलं, ब्रिंदा.
"आमच्या भाषेत याचा अर्थ होतो,
पेला उंचावते ती."
आणि मक्याची आंबूस चिचा भरून
पेला पुढे केला.
मी ओठांना लावणार, तोच त्यानं मनगट धरलं.
आधी थोडी जमिनीला.
ताटाभोवती चित्राहुती घालणारा
माझ्या वडिलांचा ओला हात
कुठूनसा आला, चार थेंब सांडून गेला.

रात्री कुणीतरी माझ्यावर दुसरं ब्लँकेट टाकलं.
कुणी, ते सकाळी विचारलं,
तर सगळ्यांनी खांदे उडवले.

दगड दुपारी हलले. मास्तर आला का,
की नुसतं आश्वासन,
ते ट्रकच्या धुळीत दिसलं नाही.

विमानतळावरच्या फॉर्मवर
'मुक्काम किती रात्री' या रकान्यात
मी तीन लिहिलं, आखून आले होते तेवढंच.
कोटाच्या खिशात वाळलेला एक चुन्यो,
बुचासारखा हलका,
भिजवला तर रात्रभरात फुगेल म्हणतात.
अजून भिजवलेला नाही.
चौथी रात्र साटुर्निनोच्या वहीत आहे,
चुकीच्या अक्षरानं सुरू होणाऱ्या नावापुढे,
हजर.