एक द कमी

साखर पेठेत, जिथे मागांच्या खटखटीत
माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात,
तिथल्या एका छापखान्यात माझे नायना खिळे जुळवायचे.
आशन्ना बिर्रू, कंपोझिटर.
घरी तेलुगू, केसपाशी मराठी,
आणि समुद्र कुठल्याच भाषेत पाहिलेला नाही.

धायगुडे मास्तर कोकणात पायी फिरून आले,
टाचा फुटलेल्या, वही खाऱ्या हवेने कडक.
कातळवेळच्या गुहेला त्यांनी दीड पान दिलं होतं:
ओहोटीला आत जाता येतं, छत ठेंगणं,
खेकडे फार, बाकी विशेष नाही.
शेवटी एक ओळ: लाट आत जाऊन दडते.

पुस्तकात आली: लाट आत जाऊन रडते.

पाचशे प्रती. त्यातल्या दोनशे मास्तरांच्या खाटेखालीच.
तरी पत्रं यायला लागली.
मिरजेची एक नर्स, अंबाजोगाईचे निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर:
जाऊन आलो. ऐकलं. खरंच रडते.
मास्तर पत्रांची चवड घेऊन छापखान्यात आले,
चहा पिऊन झाला तरी स्टुलावरून उठेनात.
"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू?" नायनांनी विचारलं.
"आता कुणाकुणाला सांगणार, आशन्ना,
की तुम्ही ऐकलंत ते नव्हतंच?"

मग पायऱ्या झाल्या, कठडा झाला, तिकीट,
शहाळेवाले, आणि पाटीवर तीच ओळ
पिवळ्या रंगात, मास्तरांच्या नावासकट.

यंदा आमच्या बचत गटाची सहल तिकडे गेली.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
गाइडने ओठांवर बोट ठेवलं.
लाट आत शिरली.
मग काहीच नाही. तीन श्वास, चार,
लपाछपीतलं पोर कणगीमागे बसतं तसं.
आणि एकदम सगळं पाणी पायांवर.
शेजारी सुलोचना गड्डम पदराने डोळे पुसत होती.
मी तिला काही बोलले नाही.

परतले तेव्हा पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं.
नायना गच्चीत खाटेवर बसून
टाकीत पडणारी धार ऐकत होते.
"नायना, दडतेच."
"मग? मास्तर कशाला खोटं लिहितील?"
"मग र कसा आला?"

त्यांनी बोटं चोळली, अजून शाई असल्यासारखी.
"द संपले होते गं. एकच कमी पडला.
मिलची नोटीस तशीच बांधून उभी होती.
दरवाजे बंद, देणी, दिनांक,
सगळे द तिच्यात अडकलेले.
मालक म्हणाले, सोडू नको, अजून हजार लागतील.
म्हटलं तात्पुरता र बसवू, प्रुफात बदलू."

"मग बदलला का नाही?"

"प्रूफ बघायला होतं कोण?
अर्धी पेठ मिलच्या फाटकापाशी उभी होती.
मीपण."

खालून कुणीतरी ओरडलं, टाकी वाहतेय.
"कॉक बंद कर आधी," ते म्हणाले,
"पाणी चाललंय."